इंदरलालभाऊंनी न खाल्लेली गोळी

आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतर भरणारी जत्रा, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी असते. त्या दिवशी इंदरलाल पटले यांचं दुकान पिंपळाखाली, हातपंपाच्या बाजूला लागतं. दुकान म्हणजे एक लाकडी टेबल आणि त्यावर काचेच्या तीन बरण्या. तिन्ही बरण्यांत एकच माल असतो, मुलेठीची काळी गोळी. पुस्तकात तिला ज्येष्ठमध म्हणतात, आमच्याकडे सगळे मुलेठीच म्हणतात. गिऱ्हाईक गोळी तोंडात टाकतं आणि ते पुढे सरकायच्या आत इंदरलालभाऊ विचारतात, "कशी हाय?"

लोकांना वाटतं, दुकानदाराची ही बोलायची रीत आहे. कोणी "मस्त" म्हणतं, कोणी नुसती मान हलवतं. इंदरलालभाऊ मात्र उत्तर कान देऊन ऐकतात, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. त्रेचाळीस वर्षं ते ही गोळी बनवत आले आणि तिची चव कशी असते हे गेल्या दिवाळीपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ती एकदाही तोंडात घातली नव्हती.

मी गावातल्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. दुपारच्या तासांना घसा बसला की खिशातली काळी गोळी काढायचो. त्यांचा मुलगा ओमेश्वर माझ्या वर्गात होता, घरी येणं-जाणं होतं, तरी ही गोष्ट मला निवृत्त झाल्यावरच कळली. सुखवंताबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, भाजी निवडता निवडता सहज सांगितली.

झालं होतं असं. १९७८ साली इंदरलालभाऊंचे वडील वारले. अस्थी घेऊन ते प्रयागला गेले, सोबत चुलतभाऊ चुन्नीलाल. दोघंही तेवीस-चोवीस वर्षांचे. तीर्थाला गेलेल्या माणसाने गंगेत उभं राहून खाण्यातली एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. निघताना गावातल्या जाणत्यांनी दोघांच्या कानात सांगितलं होतं की भात सोडू नका, वांगं सोडू नका, भाजी-भाकरीतलं काही सोडाल तर पस्तावाल. असं काहीतरी सोडा की त्याची आठवणसुद्धा येणार नाही. गाडीत दोघं याच विचारात. कारलं सोडावं तर इंदरलालभाऊंना कारलं आवडायचं. घाटाकडे जाताना एका पंसाऱ्याच्या, म्हणजे काढ्याचं सामान विकणाऱ्याच्या, दुकानात पिवळसर काड्यांची जुडी टांगलेली दिसली. हे काय म्हणून विचारलं. पंसारी म्हणाला, "मुलेठी." ती त्यांनी कधी खाल्ली नव्हती आणि पुढे खायचं काही कारणही दिसत नव्हतं. पंड्याने पाण्यात उभं करून विचारलं, तेव्हा त्यांनी मुलेठी सांगून टाकलं. गावात परतल्यावर चार लोकांना सांगितलंसुद्धा, आपण किती सहज सुटलो ते.

तीन वर्षांनी, धान कापून झाल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत काम शोधत ते गोंदियाला गेले आणि स्टेशनजवळच्या मुन्नालाल यांच्या गोळ्यांच्या भट्टीवर लागले. तिथे चार प्रकारच्या गोळ्या बनत. लिंबाची, संत्र्याची, बडीशेपेची आणि चौथी काळी. पहिल्याच दिवशी मुन्नालालनी काळी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चख के देख, क्या बनाना है." इंदरलालभाऊंनी वास घेतला, नाव विचारलं, आणि मूठ मिटून गोळी खिशात टाकली. तिसऱ्या दिवशी खरं सांगावं लागलं. मुन्नालाल बराच वेळ हसले. "अच्छा है," ते म्हणाले, "माल तो बचेगा."

ही गोळी आली कुठून हे मुन्नालाल सांगायचे, पण दर वेळी वेगळं. त्यांच्या वडिलांच्या काळी छोट्या रेल्वेवर एक गोरा ड्रायव्हर होता. त्याला विलायतेहून डब्यातून काळ्या गोळ्या यायच्या. लढाई सुरू झाली आणि डबे बंद झाले. त्याने उरलेली शेवटची गोळी मुन्नालालच्या वडिलांसमोर ठेवली आणि अशीच बनवून दे म्हणाला. वडिलांनी ती फोडून हुंगली, मुलेठी ओळखली, बाकी काय आहे ते कळेना. मग त्यांनी मुलेठीचा काढा आटवून काळं सत्त्व काढलं, गुळाच्या पाकात ओतलं, चिमूटभर काळं मीठ घातलं, थोडी बडीशेप घातली. गोऱ्याने ती तोंडात टाकली आणि इंजिनातून खाली थुंकली. शंभरेक गोळ्या पडून राहिल्या. त्याच आठवड्यात एका दंडारीची मंडळी, म्हणजे सोंगं काढून गात-नाचत खेळ करणारी माणसं, गाडी बदलायला स्टेशनवर उतरली. गाऊन गाऊन घसे बसलेले. वडिलांनी त्यांना त्या गोळ्या वाटून टाकल्या. पुढच्या वर्षी तीच माणसं दुकान शोधत आली. कधी मुन्नालाल सांगत की तो ड्रायव्हर नव्हताच, गार्ड होता. कधी ती स्टेशनमास्तरची मडम असायची. इंदरलालभाऊंनी एकदा विचारलं, "सेठ, नेमका कोन होता?" तर म्हणाले, "जो भी था, थूका जरूर था."

पहिली गोळी खरंच कोणाला आवडत नाही. काळा रंग, ओल्या लाकडासारखा वास, सुरुवातीला किंचित कडसर. मुलं तोंड वाकडं करतात. मग बऱ्याच वेळाने गोडी येते. साखरेची गोडी समोरून येते, ही जिभेच्या मागून येते, आणि आली की जायचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी तेच मूल परत बरणीजवळ उभं असतं आणि का आलो हे त्याला सांगता येत नाही. गाणाऱ्यांना आणि शिक्षकांना निदान घशाचं कारण असतं. बाकीचे का खातात, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

१९९० मध्ये मुन्नालालची भट्टी बंद झाली. मुलांना कापडाचा धंदा करायचा होता. मुन्नालालनी कढई आणि पाक ओतायची काळी फरशी इंदरलालभाऊंना देऊन टाकली. दोन्ही बैलगाडीतून गावात आल्या आणि घरामागच्या सपरीत, म्हणजे पुढे छप्पर घातलेल्या उघड्या पडवीत, बसवल्या गेल्या. तेव्हापासून चव घ्यायचं काम सुखवंताबाईंकडे आलं.

हे काम किरकोळ नव्हतं. नागपूरच्या इतवारीतून येणाऱ्या मुलेठीचा भरवसा नसतो. एका पोत्यातली गोड निघते, दुसऱ्यातली कडू. त्यामुळे पाकात सत्त्व किती पळ्या घालायचं हे मापाने ठरत नाही. एक छोटा घाणा काढायचा, गोळ्या कापायच्या, भाजलेल्या तांदळाच्या पिठीत घोळवायच्या, थंड होऊ द्यायच्या, मग चाखून पुढच्या घाण्याचं प्रमाण ठरवायचं. सुखवंताबाई जात्याशेजारी पाटावर बसत. गोळी तोंडात टाकून डोळे मिटत. इंदरलालभाऊ पितळी गिलासात पाणी घेऊन समोर उभे राहत. गोळी विरघळली की बाई सावकाश तीन घोट पाणी पीत आणि मग सांगत, "होय", नाहीतर "अजून अर्धी पळी". त्यावर वाद नसे.

त्या तीन घोटांचा अर्थ इंदरलालभाऊंनी आपल्यापरीने लावला होता. मला ते एकदा हळू आवाजात म्हणाले होते, "गुरुजी, तिले नाही आवडत. माझ्यासाठी खाते बिचारी. काढा पेल्यावर तोंड धुवावं तशी हर गोळीवर तीन घोट पानी पेते." आणि मग आणखी हळू, "चौतीस वर्षं झाले."

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सुखवंताबाईंच्या पायांतली ताकद गेल्यासारखी झाली. पोटऱ्यांत गोळे येत, छातीत धडधड होई, रक्तदाब औषधं घेऊनही खाली येईना. ओमेश्वरने त्यांना गोंदियाला एका डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारत विचारत शेवटी विचारलं, "माताजी, मुलेठी खाती हो क्या?"

"खाती नहीं," बाई म्हणाल्या, "चखती हूँ."

"कितना चखती हो?"

बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुलेठी फार दिवस रोज खाल्ली की रक्तदाब चढतो आणि अंगातले क्षार कमी होतात, असं त्यांनी समजावलं. औषधं बदलून दिली आणि यापुढे एकही गोळी नाही, अर्धीही नाही, असं बजावलं. इंदरलालभाऊही सोबत होते. त्यांच्या गोळीने गावाचे घसे सुटले आणि घरातल्या माणसाचे पाय बांधले गेले, याची सांगड त्यांना घालता येईना.

महिनाभरात सुखवंताबाई पुष्कळ बऱ्या झाल्या. पण कोजागिरीनंतर मंडईसाठी कढई चढवायची वेळ आली आणि घरात प्रश्न उभा राहिला. चाखणार कोण?

ओमेश्वर कामाच्या गावी. सून योगेश्वरी म्हणाली, "बाबूजी, मी पाहतो ना." तिने गोळी तोंडात टाकली, दोन-तीनदा इकडून तिकडे केली आणि सांगितलं, "कडू हाय थोडी. सत्त्व कमी टाका." इंदरलालभाऊंनी कमी टाकलं. दुसऱ्या दिवशी उदाराम आला. उदाराम दंडारीत गाणारा, आमच्या मंडईत दर वर्षी त्याचीही दंडार असते. त्याने गोळी चघळली, एक ओळ गुणगुणली आणि म्हणाला, "भाऊ, हे त् गुळाची गोळी झाली. मुलेठी नागपुरातच ठेवून आले का?"

सत्त्व वाढवलं. उदारामने पुन्हा चघळली. "घसा सुटला," तो म्हणाला.

"मंग झाली ना?"

"झाली म्हनता येत नाही. घसा त् सुटला, पन वहिनीची गोळी नाही होय हे."

"काय फरक हाय?"

उदारामने जीभ टाळूला लावून पाहिली. "फरक हाय येवढंच मालूम हाय."

पुढच्या आठ दिवसांत सहा घाणे निघाले. योगेश्वरीला जो बरा वाटला तो उदारामने नाकारला. उदारामने ज्याला मान हलवली तो शेजाऱ्यांच्या मुलांनी थुंकला. मला दोन दिल्या होत्या. त्यातली दुसरी जास्त चांगली, असं मी सांगितलं, तर इंदरलालभाऊ म्हणाले, "गुरुजी, दोनी एकाच घाण्यातल्या होत्या." त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर पळ्यांचे आकडे लिहून ठेवले होते, पण कोणत्या आकड्यावर कोण काय म्हणालं हे जुळवताना ते दर वेळी हरवून जात. शेवटी त्यांनी ते पान फाडून माझ्याच हातात दिलं. मी दहा हजार तरी उत्तरपत्रिका तपासल्या असतील. त्या पानावरून मला काहीही सांगता आलं नाही.

"ह्या मंडईले बसली त् बसली," ते म्हणाले. "नाही बसली त् कढई भंगारात. लोकाईले कायबी चारून नाव खराब कराचं नाही."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. कढईकडे बघत, जणू तिलाच विचारत म्हणाले.

चुन्नीलालला हे सगळं कळलं तेव्हा तो त्यांच्या ओट्यावर बसून काळी गोळीच चघळत होता. सत्तरीतला हा चुलतभाऊ दर मंडईला पहिली गोळी आपल्याला मिळाली पाहिजे असा हट्ट धरतो. तो म्हणाला, "इतके लोक कायले बोलावून राहिला गा? तूच काऊन नाही चाखत?"

"मी सोडली हाय ना. तुझ्यासमोर त् सोडली, गंगेत उभा राहून."

चुन्नीलालने गोळी गालात सरकवली. "तू? तू त् गाजर सोडलं."

"गाजर?"

"हाव, गाजर. मुलेठी मी सोडली."

इंदरलालभाऊंनी त्याच्या गालाकडे बोट दाखवलं. "आन् आता तुह्या तोंडात काय हाय?"

चुन्नीलालचा जबडा थांबला. त्याने हे कधी असं जोडून पाहिलंच नव्हतं. "गोळी हाय," तो म्हणाला. "मुलेठीची काडी थोडी हाय?" आणि मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, "गाजरच होतं ना पन? का गाजर मी?"

त्या दिवसापासून इंदरलालभाऊंची झोप उडाली. पंड्याने दोघांना शेजारी उभं करून एकदमच संकल्प सांगितला होता, थंडीने दात वाजत होते, कोण काय म्हणालं ते पाण्याबरोबर गेलं. पंसाऱ्याचं दुकान त्यांना लख्ख आठवत होतं. ती जुडी, पंसाऱ्याच्या खांद्यावरचा तो लाल टॉवेल. पण दुकान तर चुन्नीलालनेही पाहिलं होतं. घाटावर गाजरांची टोपली घेतलेली एक म्हातारी होती, हेही आता आठवू लागलं. ती खरंच होती की चुन्नीलालने सांगितल्यावर आली, हे त्यांना ठरवता येईना. आपण मुलेठी सोडली असेल तर आजवरचं व्रत शाबूत आहे. गाजर सोडलं असेल तर शेहेचाळीस वर्षं गाजर खाऊन ते रोज मोडलं आहे, आणि जे सोडलंच नव्हतं ते मात्र इमानाने पाळलं आहे. सावधगिरी म्हणून त्यांनी गाजरही बंद केलं. योगेश्वरीने मसालेभात केला तर त्यातल्या गाजराच्या फोडी ताटाच्या कडेला निघू लागल्या. "बाबूजी, डॉक्टरनं तुमाले गाजर मना केलं का?" तिने विचारलं. ते म्हणाले, "मालूम नाही." तिला वाटलं आता सासऱ्यांनाही दवाखान्यात न्यावं लागतं की काय.

मंडई चार दिवसांवर आली. बुधवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सपरीत इंदरलालभाऊ सुखवंताबाईंसमोर उभे होते आणि म्हणत होते, "जीभ दाखव."

"लहान पोट्टी हाय का मी?"

"ओमेश्वरची माय, जीभ दाखव."

बाईंनी जीभ बाहेर काढली. ती टोकापासून मध्यापर्यंत काळी होती.

शेवटच्या घाण्यातल्या गोळ्या चाखण्यासाठी ताटलीत ठेवल्या होत्या, त्यातली एक उचलून त्यांनी तोंडात टाकली होती. "एकानं काय होते?" त्या म्हणाल्या. "आठ दिवस झाले, तुमी भोवऱ्यासारखे फिरून राहिले. मी सांगतो ना, मंग निपटलं."

"काल राती पायात गोळा कायले आला होता मंग?"

बाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. म्हणजे एक नव्हती खाल्ली.

इंदरलालभाऊ पाटावर बसले. त्यांच्या नेहमीच्या जागी नाही, सुखवंताबाईंच्या जागी, जात्याशेजारी. मग मला म्हणाले, "गुरुजी, तुमी हाजर हा, त् एक गोष्ट ध्यानात ठेवजा. चुन्नीलाल म्हनते मी गाजर सोडलं. मले वाटते मुलेठी. खरं काय ते गंगेले मालूम. पन दोनातलं एक त् सुटलेलं पाहिजे. आजपासून गाजर बंद, मरेपर्यंत. आन् मुलेठी..." पुढचं त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. ताटलीतली गोळी उचलली, पिठी झटकली आणि जिभेवर ठेवली.

आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. सुखवंताबाईंनी उठून पितळी गिलासात पाणी ओतलं आणि त्या समोर उभ्या राहिल्या.

"काय लागते?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"थांबा."

"लाकूड लागते. भिजलेलं."

"हाव. अजून?"

"कडू लागून राहिलं." त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "नाही, कडू नाही. गोड? नाही गा, गोडबी नाही. हे काय हाय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी वर्गात शिकवून ठेवलेलं काहीतरी त्यांना आठवत नव्हतं. "गुरुजी, याले काय म्हनाचं?"

मला शब्द सुचला नाही. इतकी वर्षं हा माणूस लोकांना विचारत होता, "कशी हाय?" आणि सगळे "मस्त" म्हणून का पुढे जात होते, ते मला त्या क्षणी समजलं.

"मले नाही समजत," इंदरलालभाऊ म्हणाले. "खाऊन काय फायदा झाला? मी पहिले कधी खाल्लीच नाही, त् आधीसारखी हाय का नाही, मले कसं मालूम होईन? फोकटच मोडलं."

ही गोष्ट आमच्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. जीभ मिळाली होती, पण त्या जिभेला आठवण नव्हती.

सुखवंताबाईंना मात्र याचं काही वाटलं नाही. "संपू द्या पुरी," त्या म्हणाल्या. "चावू नोका." त्यांच्या डोळ्यांत आता मास्तरणीची नजर आली होती. गोळी संपली. "आता पानी प्या. एकच घोट."

त्यांनी घोट घेतला. थांबले. गिलासात पाहिलं. मग गिलास उजेडाकडे धरून तळाशी पाहिलं.

"साखर कोनं टाकली?"

"कोनं नाही."

"योगेश्वरी..." ते घराच्या दारात उभ्या असलेल्या सुनेकडे वळले.

"नाही बाबूजी, माठातलं पानी हाय."

"दुसरा घोट घ्या," सुखवंताबाई म्हणाल्या. "गोड लागते?"

"हाव."

"पहिल्याइतकं?"

"थोडं कमी."

"तिसरा?"

त्यांनी तिसरा घोट जिभेवर धरून ठेवला. "हाय," ते गिळून म्हणाले. "असल्यासारखं हाय. आता गेलं."

"मंग झाली," सुखवंताबाई म्हणाल्या. "तिसऱ्या घोटाले जे असल्यासारखं लागते ना, तेच पाहिजे. दुसऱ्यातच गेलं त् सत्त्व कमी. चौथ्यालेबी राहिलं त् जास्त. हाच घाणा धरा. ह्यात किती पळ्या होत्या?"

पळ्या कागदावर होत्या. कागद माझ्या खिशात होता. साडेतीन.

इंदरलालभाऊ अजून गिलास धरून बसले होते. "तू ह्याच्यासाठी पानी पेत होतीस?"

"मंग कायसाठी?"

"मले वाटे, तुले आवडत नाही म्हनून."

सुखवंताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू घरात कोणीतरी अनोळखी माणूस येऊन बसला आहे. "न आवडाले काय झालं? चाखाले एक लागे. मी दोन-दोन खात होती. तुमाले दिसत नव्हतं का?"

गिलासात घोटभर पाणी उरलं होतं. ते इंदरलालभाऊंनी प्यायलं, आणि साधंच लागल्यासारखं वाटून पुन्हा एकदा तळाशी पाहिलं.

मलाही त्या दुपारी घरी जाताना एक गोष्ट सुचली आणि मी रस्त्यातच थांबलो. मंडईला येणाऱ्या दंडारी दर वर्षी म्हणतात, तुमच्या गावचं पाणी गोड आहे. आम्हा सगळ्यांना पिंपळाजवळच्या त्या हातपंपाचा केवढा अभिमान. पंचायतीसाठी मी गावाची माहिती लिहून दिली होती, तीत पहिल्याच पानावर, पाणी चवीला गोड, असं माझ्या अक्षरात आहे. ते बदलावं की राहू द्यावं, हे माझं अजून ठरलेलं नाही.

मंडईच्या दिवशी उदारामने दुपारचा खेळ सुरू व्हायच्या आधी गोळी घेतली. चघळता चघळता तो पाच-सहा पावलं गेला आणि परत आला. "वहिनीनं चाखली," तो म्हणाला. "डॉक्टरनं मना केलं ना गा तिले?"

"तिनं नाही चाखली."

"मंग कोनं?"

इंदरलालभाऊंनी बरणीचं झाकण लावलं. या वेळी त्यांनी टेबलाशेजारी पाण्याचा माठ ठेवला होता, त्यावर तोच पितळी गिलास. गिऱ्हाइकांना त्यांनी "कशी हाय" विचारलं नाही. "संपली की पानी प्या," एवढंच ते म्हणत होते, आणि माणूस पाणी पिऊन गिलासात वाकून पाहू लागला की खाली मान घालून पिठी झटकत होते. सुखवंताबाई मागे खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तिसरे घोट मोजत होत्या.

चुन्नीलाल नेहमीप्रमाणे पहिल्या गोळीसाठी हात पुढे करून उभा राहिला. इंदरलालभाऊंनी त्याच्या हातावर काही ठेवलं नाही.

"तुझ्याच म्हनन्यावर मी खाल्ली," ते म्हणाले. "गाजर माझं, मुलेठी तुझी."

"म्हंजे मी खाऊ नोको?"

"तूच सांग. तुलेच मालूम हाय."

चुन्नीलालचा हात तसाच राहिला. तो प्रयाग आठवू लागला, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागे दोन बायका थांबल्या होत्या, त्यांना वाट द्यायला तो बाजूला सरकला आणि माठाजवळ आला. सगळे पाणी पिऊन गिलासात पाहत आहेत, हे तो बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानेही गिलास भरला, एक घोट घेतला, दुसरा घेतला, तिसरा तोंडात धरून ठेवला.

"गुरुजी," तो मला म्हणाला, "हे त् सादं पानी हाय."